मदत हवी आहे: ढोल-ताशा पथकात चालता चालता वाजवायला इलेक्ट्रॉनिक पॅड

तर्री_आणि_टोल:
पथक पुण्यातलं. ३६ ढोल, १० ताशे, मिरवणूक साधारण ५ तास. ऐन रंगात ताशाचं पान फाटतं, शिवाय मधे हलगी आणि संबळाचे आवाज हवे आहेत. विचार असा, की २ ताशेवाल्यांना सॅम्पलिंग पॅड द्यायचे (काडी मारली की आधी भरून ठेवलेला आवाज, म्हणजे सॅम्पल, वाजवणारे रबरी पॅड; रोलँड एसपीडी-एसएक्स किंवा तत्सम), बँडमधल्या स्नेअर ड्रमच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर (हार्नेस) बसवायचे, पॉवर बँकेवर चालवायचे आणि ब्लूटूथने पुढच्या टेम्पोवरच्या स्पीकरला जोडायचे. जमेल का? सराव कमी आवाजात करायलाही हेच पॅड वापरता आले तर बरं.

सोल्डर_काका:
ब्लूटूथ आत्ताच खोडा. साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ११० च्या लयीत एक मात्रा ५४५ मिलिसेकंदांची, तिचा पाव भाग १३६. म्हणजे काडी पडते एका बोलावर, ऐकू येतं पुढच्या बोलावर. तर्री (ताशावरचे जलद, सलग हात) सोडाच, साधा ठेकाही टिकणार नाही.

गिटारवाले वापरतात तो २.४ गिगाहर्ट्झचा डिजिटल ट्रान्समीटर ३ ते ६ मिलिसेकंदांत काम करतो. पण गर्दीत माणसांची शरीरंच हा सिग्नल शोषतात आणि त्याच पट्ट्यात शेकडो फोन असतात. यूएचएफ (त्याहून खालच्या रेडिओ पट्ट्यातला) ट्रान्समीटर त्यातल्या त्यात बरा. सगळ्यात भरवशाची अर्थात वायर.

वीज ही खरं तर सगळ्यात सोपी बाब आहे. पॅडला ९ व्होल्टवर अर्धा अँपिअर धरा, म्हणजे साडेचार वॉट. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॉट-तास, ९ व्होल्ट करताना होणारी गळती वजा जाता ६० उरतात. मिरवणूक दुपटीने लांबली तरी पुरेल. घोळ होतो तो पिनेत. रोलँडच्या ९ व्होल्ट अडॅप्टरची मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बहुतेक स्टेप-अप केबलींची (पॉवर बँकेचे ५ व्होल्ट ९ करणाऱ्या) धन. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका. दुसरं, चालताना पिन क्षणभर जरी सुटली तरी पॅड नव्याने सुरू होतो आणि तोवर हातात नुसतं रबर. वायरीला एक वेटोळं देऊन ती पॅडच्या अंगालाच बांधा, पिनेवर ताण येता कामा नये.

गाडीवरचा_ऑक्टोपॅड:
बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड (आठ भागांचा इलेक्ट्रॉनिक पॅड) वर्षानुवर्षं मिरवणुकीत चालतोय, मग पथकात का नाही, असा प्रश्न येणारच. फरक एवढाच, की तिथे ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेंजो, मिक्सर, जनरेटर सगळं एकाच गाडीवर किंवा गाडीला लागून असतं. वाजवणारा स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर. त्याच्या हाताला आणि कानाला एकच वेळ मिळते.

तुमच्याकडे टेम्पो १० मीटर पुढे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे पॅड वाजवणाऱ्यालाच स्वतःचा हात २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. ढोलांच्या चार-चारच्या ९ ओळी २ मीटर अंतराने धरल्या तर शेवटची ओळ टेम्पोपासून ३० मीटरच्या आसपास, तिथे ८७ मिलिसेकंद. आजही मागची ओळ ताशा उशिराच ऐकते, पण ती पुढच्याचा हात बघून वाजवते. हात एक सांगतोय आणि स्पीकर दुसरंच, अशी वेळ तिच्यावर येत नाही.

अमेरिकेत चालत्या बँडच्या स्पर्धा घेणाऱ्या ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनलने २००४ पासून अँप्लिफिकेशनला आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी दिली. तरी तिथे सिंथ आणि सॅम्पलर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वादकांकडे असतात. चालणारी स्नेअर-बेसची रांग अजून खऱ्या ड्रमवरच वाजवते.

तर्री_आणि_टोल:
म्हणजे टेम्पो रद्द. वाजवणाऱ्याच्या कमरेला किंवा पाठीवर छोटा बॅटरी स्पीकर लावला तर?

सोल्डर_काका:
उशीर जाईल, पण आवाज बुडेल. ३६ ढोलांच्या मधे २०-३० वॉटचा स्पीकर वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू आला तरी खूप. १ मीटरवर १२० डेसिबल देणारा मोठा स्पीकर घेतलात तरी मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, १६ मीटरवर ९६ राहतात. असा स्पीकर पाठीवर येत नाही, त्याला गाडी लागते.

गाडीवरचा हिशेब: १२ व्होल्ट १०० एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, निम्मीच वापरायची म्हणजे ६०० वॉट-तास. दोन स्पीकर प्रत्येकी सरासरी १२५ वॉटचे, वर इन्व्हर्टरची गळती. जेमतेम दोन तास. पाच तासांना तीन बॅटऱ्या किंवा जनरेटर. इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हच घ्या, नाहीतर स्पीकरमधून सतत घुंई ऐकू येईल.

पानफाट्या:
पॅडबद्दल कुणीच बोललं नाही, आणि अडचण तिथेच आहे. पॅडच्या पोटात कंपन ओळखणारा सेन्सर असतो. त्याला काडी कुठली आणि शेजारच्या ढोलाची घूम कुठली, हे कळत नाही. हात न लावता पॅड वाजायला लागतो. उपाय म्हणजे थ्रेशोल्ड (किती जोराच्या धक्क्यापासून पॅडने वाजायचं ती मर्यादा) वाढवणं, आणि तो वाढवला की हलके हात गळतात. ताशाची तर्री म्हणजे निम्म्याहून जास्त हलके हातच! ऐकताना वाटतं वाजवणाऱ्याचा हात अडखळतोय.

मास्क टाइमचं (एका हातानंतर पॅड पुढचा हात किती वेळ ओळखत नाही, त्याचं) मात्र टेन्शन नको. सेकंदाला १६ हात धरले तरी दोन हातांत ६२ मिलिसेकंद असतात, तो ८-१० मिलिसेकंदांवर ठेवा. त्याहून खूप वाढवलात तर जोडहात एकच वाजेल.

ताशाची बारीक काडी ताणलेल्या पानावरून स्वतःच उडते, तर्रीचा अर्धा जोर त्या उसळीतून येतो. रबरावर ती उसळी नाही, मनगट भरून येतं. आणि एकच सॅम्पल पुन्हा पुन्हा वाजला की शिवणयंत्र चालल्यासारखा आवाज येतो. हलगीचे मोजके ठोके, संबळाचा एखादा तुकडा, एवढ्यासाठी पॅड उत्तम. तर्रीसाठी नाही.

पाऊस तर आहेच, पण गुलाल जास्त वाईट. नॉब आणि जॅकच्या फटीत तो बसतो आणि वर पाणी पडलं की चिखल. वापरात नसलेले जॅक टेपने बंद करा आणि पूर्ण पॅडवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून लावा. सैल राहिलं तर फडफडून तेच ट्रिगर होतं.

गाडीवरचा_ऑक्टोपॅड:
एक कागदोपत्री गोष्ट. स्पीकर आला की ध्वनिप्रदूषण नियम, २००० खाली लाउडस्पीकरची लेखी परवानगी लागते. मिरवणुकीच्या अर्जात तो स्पष्ट लिहा, नाहीतर चौकात गाडी अडते.

तर्री_आणि_टोल:
मग सगळे १० ताशे तसेच, आणि एक पॅड हातगाडीवर, स्पीकर त्याच गाडीवर, गाडी ताशांच्या रांगेतच. हे चालेल?

पानफाट्या:
चालेल. गाडीवर पॅडखाली जाड फोम टाका, चाकांचे धक्केही ट्रिगर होतात. पान फाटण्यावर उपाय म्हणजे दोन तयार ताशे त्याच गाडीवर ठेवणं, पॅड नव्हे. सरावाला ट्रकच्या जुन्या ट्यूबचे गोल कापून ताशावर घट्ट बसवा आणि ढोलात जुनी चादर कोंबा. आवाज बराच मरतो, उसळी थोडीफार राहते.

विकत घेण्याआधी पॅड एक दिवस भाड्याने आणा. हेडफोन लावा, चार ढोलांपासून एक मीटरवर ठेवा आणि त्यांना जोरात वाजवायला सांगा. पॅडला कुणी हात लावायचा नाही. हेडफोनमधे हलगी वाजली, तर वाजायची थांबेपर्यंत थ्रेशोल्ड चढवा आणि मग त्याच सेटिंगवर सगळ्यात हलक्या हाताच्या वादकाला वाजवायला द्या. त्याचे हात गळत असतील तर त्या पॅडचे पैसे वाचवा.