मदत हवी आहे: ओव्हनचा पंखा नुसता घुमतोय, फिरत नाही (इंदूर)

तूपसाखर:
नमस्कार मंडळी. गणपती तीन आठवड्यांवर आले आणि माझा ओव्हन रुसून बसलाय. ओट्याखाली कपाटात बसवलेला, विजेचा, ६० लिटरचा आहे. सात वर्षं जुना. मी घरून नानकटाई, खारी आणि केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे तो आठवड्यातून चार दिवस तरी चालतो.

महिनाभर सुरुवातीला 'खर्र' असा आवाज यायचा आणि मिनिटभरात जायचा. मी दुर्लक्ष केलं (हो, माहितीये). गेल्या मंगळवारपासून पंख्याच्या मोडवर नुसता 'हूंऽऽ' असा आवाज येतो. नानकटाईची मागची रांग काळी आणि पुढची पांढरी फटक. वीसेक मिनिटांनी ओव्हन आपोआप तापायचा थांबतो, निवल्यावर परत चालू होतो.

कंपनीचा माणूस येऊन गेला. मागून उघडूनही बघितलं नाही. म्हणे बोर्ड गेलंय, साडेआठ हजार लागतील, आणि बोर्ड यायला महिना. यजमान म्हणतात नवाच घेऊ. सासूबाई म्हणतात, करंज्या तळायच्याच असतात, तुझं ते भाजणं आम्हाला कधी पटलंच नाही. मला मात्र हाच ओव्हन हवाय, याची सवय झालीये. खरंच बोर्डच असेल का?

खारीबिस्कीट:
आमच्याकडे अस्संच झालं होतं. शिलाई मशीनचं तेल सोडलं दोन थेंब, पंखा पळायला लागला!

निवृत्त_वायरमन:
ताई, तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा. सांगतो का ते. त्याआधी दोन प्रश्न.

हा साधा विजेचा ओव्हन आहे की मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शन? मायक्रोवेव्ह असेल तर आतलं काहीही उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा भार प्लग काढल्यावरही राहू शकतो.

दुसरं, ओव्हन बंद केल्यावर दाराच्या वरच्या फटीतून गार-कोमट वारा येत राहतो का?

तूपसाखर:
मायक्रोवेव्ह नाही, साधाच. वारा येतो की! बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं. म्हणूनच मी त्या माणसाला म्हटलं की पंखा तर चालतोय, फक्त आत नाही. तो म्हणाला, "मॅडम, वही तो बोर्ड का प्रॉब्लम है."

निवृत्त_वायरमन:
त्याची आणि तुमची इथेच गफलत झाली. अशा ओव्हनमध्ये पंखे दोन असतात. एक वरच्या बाजूला, कपाट आणि बटणांच्या मागचं बोर्ड गार ठेवायला. तो ओव्हन बंद झाल्यावरही अंग निवेपर्यंत फिरतो. तुम्हाला वारा येतोय तो त्याचा, म्हणजे तो धडधाकट आहे.

दुसरा मागच्या भिंतीत, जाळीच्या आड. त्याच्याभोवती गोल कॉइल असते. कॉइलची उष्णता तो ट्रेवर सगळीकडे फिरवतो. तो फिरला नाही की सगळी आच मागेच साचते, म्हणून मागची रांग काळी. तिथलं तापमान वाढलं की सुरक्षेचा थर्मोस्टॅट वीज तोडतो, म्हणून वीस मिनिटांनी बंद.

आता बोर्डाचं. तुम्ही 'हूं' असा आवाज येतो म्हणालात ना? याचा अर्थ मोटरपर्यंत वीज पोचतेय. बोर्डाने वीज सोडलीच नसती तर मोटर मुकी राहिली असती. या छोट्या मोटरींना सुरुवातीचा जोर फार कमी असतो. दांडी जरा जड झाली की त्या जागेवरच घुमत राहतात आणि तापतात. माझ्या अंदाजाने बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती बांगडी, अडकलाय. तोवर पंख्याचा मोड लावू नका.

खारीबिस्कीट:
मग तेल का नको काका? आमचं तर चाललं होतं.

निवृत्त_वायरमन:
किती दिवस?

खारीबिस्कीट:
दीड महिना. 🙈

निवृत्त_वायरमन:
तेच. मोटर ओव्हनच्या पाठीला चिकटून असते. तिथल्या उष्णतेत हलकं तेल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर उरतो. शिवाय तेल दांडीवरून आत ओघळलं तर त्याचा वास पहिल्या केकला.

ताई, आता करून बघा. ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. एमसीबी खाली पाडा आणि १६ अँपिअरचा प्लगही काढा, नुसत्या खटक्यावर विसंबू नका. आतली जाळी चार स्क्रूंची असते, ती काढा. पातं बोटाने फिरवा. टिचकी मारल्यावर दोन-तीन फेऱ्या घेतल्या तर बुश बरा, दोष मोटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीत, शोधायचा. जागच्या जागी थांबलं तर बुश गेला. आणि पातं पुढेमागे हलून कॉइलला घासतंय का तेही बघा, तुमची ती 'खर्र' तिथलीही असू शकते.

माळव्यातली_सून:
दरम्यान ऑर्डरी कशा निभवायच्या ते मी सांगते, मीही यातून गेलेय. वर-खाली कॉइलचा पंख्याशिवायचा मोड असेलच. तो लावा, तापमान पंख्याच्या मोडपेक्षा २० अंशांनी जास्त. एका वेळी एकच ट्रे, मधल्या खणात, आणि अर्ध्या वेळेला ट्रे फिरवून ठेवा. नानकटाई छान होते. खारीला मात्र पंखाच हवा, पापुद्रे तसे सुटत नाहीत.

तूपसाखर:
केलं! जाळीमागे सात वर्षांचा तुपाचा काळा राप. कंपनीच्या माणसाने एवढं तरी बघायला हवं होतं. पातं बोटानेही जेमतेम फिरतं, चिखलात फिरवल्यासारखं. म्हणजे बुश.

पण पुढे गाडी अडली. पात्याचा नट निघतच नाही. यजमानांनी पाना लावून अर्धा तास जोर केला, रविवारचं सानंद संस्थेचं नाटक सोडून. नट हलला नाही, पाना मात्र वाकला.

निवृत्त_वायरमन:
अहो, थांबवा त्यांना! बऱ्याच ओव्हनमध्ये तो नट उलट्या आट्यांचा असतो, फिरता फिरता सुटू नये म्हणून. घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटेल. पातं एका हाताने धरा, नाहीतर तेही वाकेल.

तूपसाखर:
तीन सेकंदांत निघाला. यजमान काही बोललेले नाहीत.

निवृत्त_वायरमन:
आता ओव्हन कपाटातून पुढे ओढावा लागेल. तीस-पस्तीस किलोचा ऐवज आहे, दोघांनी धरा, खाली स्टूल घ्या. मागचा पत्रा काढण्याआधी हातमोजे घाला, आतला ग्लासवूल दोन दिवस खाजवायला लावतो. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हिरवी-पिवळी वायर अर्थची, ती नव्या मोटरला लावायला विसरलात तर मी या धाग्यावर परत येणार नाही.

जुनी मोटर हातात घेऊनच दुकानात जा. महाराणी रोडवर विचारा. दांडीची लांबी, दांडीवरचा सपाट भाग, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि वॅट जुळायला हवेत. दांडी पाच मिलिमीटर लांब निघाली तरी पातं जाळीला घासेल.

आणि मोटर काढल्यावर तिची वाइंडिंगही मीटरने मोजा, आमच्यासाठी.

तूपसाखर:
मोजली. ८० ओहमच्या आसपास. म्हणजे तुटलेली नाही ना?

निवृत्त_वायरमन:
शाबास. तुटली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. बिचारी जिवंत होती, बुशाने गळा धरला होता तिचा.

तूपसाखर:
महाराणी रोडवर तिसऱ्या दुकानात मिळाली. पहिल्या दोघांनी "पूरा ओवन ले आओ भिया" म्हणून यजमानांना वाटेला लावलं. तिसऱ्याने जुनी मोटर उलटीसुलटी बघितली, डब्यातून एक काढली, दांड्या शेजारी धरून दाखवल्या. अकराशे रुपये. अर्थ लावली आहे, फोटो टाकते आहे, काका तपासा.

काल रात्री १६० अंशांवर दोन ट्रे एकदम लावले. दोन्ही सारखे सोनेरी. चाळीस मिनिटं चालला, मधे बंद पडला नाही. सुतारानेही कपाटाची मागची फळी पक्की ठोकली होती, हवा जायला जागाच नव्हती. ती कापून घेतली.

एकच शंका. मधे दार उघडलं की पंखा थांबतो, बंद केलं की परत फिरतो. आधी असं होतं का ते आठवत नाही. मी काही चुकीचं जोडलं का?

निवृत्त_वायरमन:
फोटो बघितला, अर्थ बरोबर आहे. दाराशी खटका असतो, उघडल्यावर पंखा थांबावा म्हणूनच, नाहीतर सगळा गरम वारा तुमच्या तोंडावर. आधीही होत असणार, पंख्याच्या आवाजाकडे तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं.

जुनी मोटर टाकली नसेल तर मला हवी आहे. बुश काढून बघायचाय.

तूपसाखर:
ठेवलीये काका, डब्यात. रामबागेत या कधी, सोबत नानकटाईही देते.