न्यू जर्सी की नाशिक?
नऊ वर्षं न्यू जर्सीत काढली, पगार उत्तम आहे, पण दोघांचाही जीव तिथे रमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर नाशिकला जरूर परत या, फक्त राजीनामा एवढ्यात देऊ नका.

सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी योजनेच्या, पेन्शनला ४० क्रेडिट (तिथे नोकरी करून जमणारे गुण) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार झालेला नाही, त्यामुळे भारतातल्या नोकरीची वर्षं त्यात धरत नाहीत. ३६ क्रेडिटवर परतलात तर इतकी वर्षं पगारातून कापलेल्या पैशांवर पेन्शन नाही. ४० पूर्ण असतील तर वय झाल्यावर ती भारतात राहूनही घेता येते. एका वर्षासाठी हे सोडणं मला अजिबात पटत नाही. तुमचे नेमके किती झालेत ते सोशल सिक्युरिटीच्या साइटवर दिसतं, आधी ते बघा. ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीसाठीचं बचत खातं, मोडू नका, तिथेच राहू द्या. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे काढलेत तर एरवी कर लागतोच, शिवाय काढलेल्या रकमेवर १० टक्के दंड बसतो.

मात्र वर्षाची चार वर्षं होऊ देऊ नका. मुलगी तिसरीत आहे, आत्ता ती सहज रुळेल. नववीत उचलून आणलेल्या मुलांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे, फार वाईट वाटतं.

आणि वहिनींच्या कामाचं काय? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. त्यांच्याशी बोलल्याशिवाय तारीख ठरवू नका.