मदत हवी आहे: सिक्युरिटी सुपरवायझरचा अनुभव सीआयएसएसपीला धरतात का?

नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे, त्याआधी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत होतो. आता कॉम्प्युटर सिक्युरिटीत जायचं आहे.

सीआयएसएसपी या कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या सर्टिफिकेटला त्याच्या आठपैकी किमान दोन डोमेनमधला (विषय-विभागांमधला) मिळून ५ वर्षांचा पगारी अनुभव लागतो. कॉम्प्युटरची पदवी असेल तर १ वर्ष सूट मिळते, माझं बी.कॉम., म्हणजे पदवीवरची सूट नाही. २०१५ पर्यंत फिजिकल सिक्युरिटी हे वेगळं डोमेनच होतं, आता ते बाकीच्यांत विरघळलंय. गेटवरची ड्युटी कोणी धरणार नाही, हे मलाही कळतं. पण अ‍ॅक्सेस कार्ड देणं, नोकरी सोडलेल्यांची कार्डं त्याच दिवशी बंद करणं, सर्व्हर रूमचे लॉग तपासणं, ऑडिटला सीसीटीव्ही फुटेज काढून देणं, हे सगळं मीच करत होतो. ते धरतात का? अनुभव पत्रात एचआरकडून नेमकं काय लिहून घ्यावं?

आधी सीआयएसएसपीची परीक्षा पास होऊन असोसिएट (अनुभव भरेपर्यंतचा दर्जा) व्हायचं आणि ६ वर्षांत अनुभव भरायचा, असाही रस्ता आहे. पण नेटवर्किंग कच्चं आहे राजेहो, म्हणून आधी सिक्युरिटी प्लस ही सुरुवातीची परीक्षा द्यावी वाटते. तिला अनुभवाची सक्ती नाही.

दुसरा विचार आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं मानक) ऑडिटचा. २०२२ च्या आवृत्तीत ९३ पैकी १४ कंट्रोल (सुरक्षेचे उपाय) फिजिकलच आहेत, तिथे माझा हात बसलेला आहे. गार्डच्या नोकरीतून असं कोणी गेलंय का? आणि नागपुरात नेटवर्किंगचा संध्याकाळचा बरा क्लास कुठे आहे? शिफ्ट सहाला सुटते.