पांढरा मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात निळा होतो: भौतिक बदल की रासायनिक? मदत हवी आहे

मिठाचं पाणी आटवलं की मीठच उरतं, म्हणून भौतिक बदल. जस्त विरल हायड्रोक्लोरिक आम्लात दिसेनासं होतं, पण आटवल्यावर झिंक क्लोराइड मिळतं, म्हणून रासायनिक. इथवर वर्गाला पटतं.

अडतं मोरचुदापाशी. निळे स्फटिक मंद आचेवर पांढरे केले (आच फार वाढली तर काळं कॉपर ऑक्साइड होतं) आणि गार झाल्यावर पाणी घातलं. रंग निळा, परीक्षानळी गरम. द्रावण सावकाश आटवलं तर निळे स्फटिक. तेच पुन्हा तापवले की पांढरी पूड. उष्णतेची खूण धरावी तर कॉस्टिक सोडाही विरघळताना तापतोच, आणि ते तर नुसतं विरघळणं मानतात.

आयन (विद्युतभार असलेले कण) अजून शिकवलेले नाहीत. आटवणं, तापवणं, वजन करणं एवढंच हाताशी आहे. तिन्ही उदाहरणांना लागू पडेल असा कोणता निकष आठवीच्या मुलांना द्यावा?