अनुभव हवेत: परदेशात जाऊन शिकवणं, चित्रं काढणं, नाटक बसवणं

गोधडी
माझ्या भाचीचं फाइन आर्टचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं. नेपाळमधल्या एका शाळेत तीन आठवडे चित्रकला आणि इंग्रजी शिकवायचं, शेवटी शाळेची भिंत रंगवायची, असा एक 'स्वयंसेवक कार्यक्रम' तिने शोधलाय. प्रवासखर्च सोडून ८५ हजार भरायचे. फुकट राबायला वर पैसे कशाला, हा तिच्या आजोबांचा प्रश्न, आणि तो मला अगदीच चुकीचा वाटत नाही. ज्यांनी असं काम स्वतः केलंय त्यांनी लिहा. ऐकीव गोष्टी नकोत. 'आपल्याकडे काय कमी शाळा आहेत' हेही नको, ते घरी रोज चालू आहे.

खडूवाला
२०१६ साली कंबोडियात सिएम रीपला दोन आठवडे होतो. अंकोरवाट बघायचंच होतं, जोडीला पुण्य. पहिल्या दिवशी रंगांची कार्डं घेऊन वर्गात उभा राहिलो. पिवळं कार्ड वर केलं, तर पुढच्या बाकावरची आठ-नऊ वर्षांची मुलगी उठली, सगळी कार्डं माझ्या हातातून घेतली, पत्त्यांसारखी पिसली आणि मलाच विचारायला लागली, 'व्हॉट कलर इज धिस?' मी मुकाट्याने 'यलो' म्हणालो. वर्ग खो खो हसला.

नंतर तिची वही चाळली. 'माय नेम इज' हा धडा सहा वेळा, दर वेळी शेरा वेगळ्या अक्षरात. दर पंधरवड्याला नवा माणूस येणार आणि श्रीगणेशा करणार. जाताना कोणी पुढच्यासाठी चार ओळी लिहून ठेवलेल्या नाहीत. मीही नाही ठेवल्या. फोटो काढले आणि आलो.

भाचीला सांगा, आधीचा माणूस कुठपर्यंत शिकवून गेला ते विचार. आणि कार्यक्रमात 'अनाथाश्रम' हा शब्द दिसला तर लांबूनच नमस्कार. कंबोडियात अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात, कळवळतात, देणग्या देतात, म्हणून तिथे मुलं ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्याआधीच्या चर्चेत हा विषय होता.

उलट कंबोडियातल्याच बाटाम्बांगची 'फार पोन्लू सेल्पाक' ही कलाशाळा बघा. निर्वासितांच्या छावणीत चित्रं काढायला शिकलेल्या तरुणांनी परत आल्यावर १९९४ मध्ये ती उभी केली. चित्रकला, संगीत, सर्कस, सगळं तिथलीच माणसं शिकवतात. सिएम रीपला त्यांच्या सर्कशीचं तिकीट काढलं होतं. त्या दोन आठवड्यांत माझा कोणाला उपयोग झाला असेल तर तेवढाच.

गोधडी
वहीची गोष्ट भाचीला वाचून दाखवली. गप्प आहे.

चकलीचा_सोऱ्या
अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर होते. पगार घ्यायचा नाही, आणि एरवी पगारी असलेलं काम फुकटही करायचं नाही. म्हणून रविवारची मराठी शाळा. 'आजी आला' चं 'आजी आली' व्हायला एक वर्ष गेलं. 'ळ' अजून व्हायचाय. परदेशात मराठीच शिकवली, तर हे इथे चालेल ना?

कोकणमेवा२
चालेल, माझंही तसलंच आहे. बायकोच्या नोकरीमुळे दोन वर्षं मॉरिशसला होतो. तिथल्या मराठी लोकांचे पणजे-खापरपणजे इंग्रजांच्या काळात उसाच्या मळ्यांवर गेले. आता घरात क्रिओल ही तिथली बोली, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी. त्यांना एकांकिका बसवून देतो म्हणालो. संहितेच्या झेरॉक्स घेऊन गेलो, पुणेरी टोमण्यांनी भरलेल्या. वाचन झालं, एक माणूस हसला नाही.

चहाला थांबलो, तर एका काकांनी ढोलकी पुढे ओढली आणि बाकीच्यांनी गोल धरला. 'झाकरी' म्हणतात तिथे. मी गुहागरचा. आमच्या वाडीत गणपतीत जाखडी होते, मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणतात. पाऊल तेच हो! अंगावर काटा आला. गाण्यांचे शब्द मात्र पार झिजलेले, काहींचा अर्थ त्यांनाही सांगता येईना. दोन शब्द मला लागले, तेही आजीच्या तोंडी ऐकलेले म्हणून.

एकांकिका बारगळली. पुढचे चार महिने त्या काकांची रोमन अक्षरांत लिहिलेली गाण्यांची वही देवनागरीत उतरवत बसलो. एकेका ओळीवर तासभर वाद. 'शेत' की 'शीत', यावर एक अख्खा रविवार गेला.

जलद_लोकल
इंग्लंडमध्ये लेस्टरला एमए करताना ग्रंथालयात दर शनिवारी ज्येष्ठांसाठी चित्रांचा तास घ्यायचे. वारली. खाकी कागद, कालवलेली तांदळाची पिठी, टूथपिक. दुसऱ्याच तासाला एका सोमाली आजींनी विचारलं, 'तू वारली आहेस?' मी डोंबिवलीची. डहाणूला गेले ते चिकू आणायला. काही बोलताच येईना.

पुढच्या शनिवारी आधी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगितलं. लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, त्यात पालघाट देवी असते, आणि मी हे बघून बघून गिरवायला शिकलेय, माझ्या घरचं नाही, हेही सांगितलं. आजींनी मान डोलवली आणि त्रिकोणी माणसांशेजारी उंट काढला. पाय पाच झाले. खोडू दिला नाही त्यांनी.

बिनसाखर
नेपाळचा अनुभव माझा. आपल्याला व्हिसा लागत नाही, तेवढं सुख. पैसे भरून काठमांडूजवळच्या शाळेत पोचलो, तर फाटकाला कुलूप. दसैं! घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत त्यांचा सण, तेव्हा शाळेत कुत्रं नसतं. पैसे घेणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास नाही. 'मग भिंत तरी रंगवा' म्हणाले. पोपडे खरवडले, तर आधीच्या फुलपाखराखाली आणखी एक फुलपाखरू. भाचीच्या तारखा काय आहेत?

गोधडी
ऑक्टोबर. थांबा, कालनिर्णय काढते.

गोधडी
पहिला दिवस घटस्थापनेनंतरचा चौथा. तिला आत्ताच त्यांना मेल करायला बसवलंय. आधीच्या माणसाने कुठपर्यंत शिकवलं, तेही त्यातच विचारतेय.