महासाथीतलं पर्यटन-संशोधन: ‘प्रवासाचा हेतू’ हा पुरावा धरायचा का?

मोजपट्टी (धागाकर्ता)

2020 नंतर कोविडच्या महासाथीतल्या पर्यटन आणि हॉटेल व्यवसायावर आलेल्या शोधनिबंधांत एक साचा सतत भेटतो. ऑनलाइन पॅनेलवरून काहीशे उत्तरं, ‘धोका किती वाटतो’ आणि ‘पुढच्या सहा महिन्यांत प्रवास कराल का’ हे पाच किंवा सात गुणांच्या श्रेणीवर, मग संरचनात्मक समीकरणांचं मॉडेल (अशा गुणांमधले संबंध एकत्र तपासणारी संख्याशास्त्रीय पद्धत). निष्कर्ष असा की भीती वाढली की प्रवासाचा हेतू घटतो.

महासाथीच्या परिणामाचा पुरावा म्हणून हे निबंध मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात) घेऊ नयेत, असं माझं मत आहे. कारण आणि परिणाम एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत मोजले की सहसंबंध फुगतो. त्यावर बहुतेक जण हरमनची एक-घटक चाचणी देतात, म्हणजे सगळ्या उत्तरांमागे एकच समान घटक आहे का ते पाहतात: पहिला घटक उत्तरांतल्या एकूण फरकापैकी 50 टक्क्यांहून कमी फरक सांगतो, म्हणजे दोष नाही. ही गाळणी फार मोठ्या भोकांची आहे. शिवाय हेतू म्हणजे वर्तन नव्हे. 2006च्या एका मेटा-विश्लेषणात 47 प्रयोग तपासले होते. हेतू प्रमाण विचलनाच्या (उत्तरं सरासरीपासून किती पसरली आहेत त्या मापाच्या) 0.66 पट हलवला, तेव्हा वर्तन 0.36 पटच हललं.

प्रश्नावली

साफ असहमत. भीती नंतर आठवून मोजता येत नाही. एप्रिल 2020मध्ये काय वाटत होतं हे 2023मध्ये विचारलं, तर माणूस पुढे जे घडलं त्याच्या उजेडात उत्तर देतो. तेव्हा घेतलेली प्रश्नावली हीच त्या क्षणाची एकमेव नोंद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या आकड्यांत 2019चे सुमारे 146 कोटी आंतरराष्ट्रीय प्रवासी 2020मध्ये 40 कोटींच्या आसपास आले. ही घट भीतीमुळे किती, सीमाबंदीमुळे किती, पगार थांबल्यामुळे किती, हे आगमनाचा आकडा कधीच सांगणार नाही.

मोजपट्टी

तुमची प्रश्नावली तरी कुठे सांगते? ‘प्रवास कराल का’ या एकाच प्रश्नात इच्छा, परवानगी आणि ऐपत एकत्र येतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर प्रसंग-प्रयोग हवा: सीमा खुली की बंद, रद्द केल्यास पैसे परत की नाही, अशी वर्णनं यादृच्छिक वाटून द्यायची. तेवढं केलेल्या निबंधांना माझा विरोध नाही.

खोल्यांचा हिशेब

प्रत्यक्ष व्यवहाराचे आकडे निर्मळ असतात, हे तुम्ही दोघंही गृहीत धरताय. खोल्या भरण्याचं प्रमाण घ्या. एका भागात 10,000 खोल्या आहेत, त्यातल्या 4,000 तात्पुरत्या बंद. रात्री 1,800 विकल्या. चालू खोल्यांवर भागलं तर 30 टक्के, सगळ्यांवर भागलं तर 18 टक्के. उपलब्ध खोलीमागचं उत्पन्नही याच छेदावर अवलंबून, त्यामुळे तेही तितकंच बदलतं. छेद कोणता घेतला हे निबंधात लिहिलेलं नसेल तर दोन देशांची तुलना व्यर्थ आहे.

पायाभूत वर्षाचीही तीच गत. 70 टक्के घसरून मग दुप्पट झालं तरी आपण मूळच्या 60 टक्क्यांवरच असतो. 2021ची तुलना 2020शी करून ‘सावरलं’ म्हणणं चूक आहे, 2019चा तोच महिना घ्यायला हवा. आणि कायमची बंद पडलेली हॉटेलं नमुन्यातून आपोआप गळतात, म्हणून टिकलेल्यांची सरासरी बरी दिसते.

प्रश्नावली

यात फरकांतल्या फरकाची पद्धतही जोडा. निर्बंध असलेला प्रदेश आणि नसलेला प्रदेश यांच्यात आधी-नंतर झालेल्या बदलाची तुलना करतात, पण अडवलेले पर्यटक शेजारी वळले तर तुलनेचा गटच वर जातो आणि परिणाम खरा आहे त्याहून मोठा दिसतो. मग ही पद्धतही यादीतून काढणार का? दोष सांगून वापरता येत असेल, तर तोच न्याय हेतूच्या निबंधांनाही लावा. प्रत्येक उत्तराची तारीख घ्या, त्या दिवसाचा त्या देशाचा ऑक्सफर्ड विद्यापीठाचा निर्बंध-निर्देशांक जोडा (सरकारी निर्बंध किती कडक ते सांगणारा; 9 निकष, 0 ते 100 गुण, रोजची नोंद), आणि निर्बंधांच्या पातळीनुसार गट पाडा.

मोजपट्टी

तारखेची अट मान्य, आणि ती नसलेला निबंध सरळ बाहेर. पण अनेक निबंध ‘मे ते जुलै’ एवढंच लिहितात. त्या काळात काही ठिकाणी निर्बंध महिन्यात दोनदा बदलले, त्यामुळे कच्ची माहिती मागवल्याशिवाय तुमची जोडणी होणार नाही. आणि हेतूचे गुणांक (परिणाम किती मोठा ते सांगणारे आकडे) वर्तनाच्या गुणांकांबरोबर एकाच सरासरीत मिसळायला माझा विरोध कायम आहे. तक्ता वेगळा ठेवा.