अनुभव धागा: विजय दिवस ते नाताळ, फौजी ख्रिस्ती घरांतला आठवडा

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की आपल्या फौजी ख्रिस्ती घरांत कुणाला बूड टेकायला फुरसत नसते. १६ तारखेला १९७१ च्या युद्धातल्या विजयाचा विजय दिवस, पाठोपाठ कॅरल म्हणजे नाताळची गाणी, घरात फराळ, पाहुणे. तुमच्याकडे काय काय चालतं, कामाचा भार कोण किती ओढतं, ते सविस्तर लिहा.

अहिल्यानगर, निवृत्त दफेदाराची सून

सासरे, म्हणजे आमचे पप्पा, रणगाड्यावर ड्रायव्हर होते. आमचं नगर म्हणजे आर्मर्ड कोअरचं, लष्कराच्या रणगाडा दलाचं, माहेर. इथे शिकून गेलेले कितीतरी जण निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. १५ तारखेच्या रात्री पप्पांचा ब्लेझर कपाटातून निघतो. पदकांना ब्रासो लावण्याचा मान नातवाचा. पण रिबिनीला डाग पडू नये म्हणून पप्पा मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा धरून शेजारी बसतात आणि "हळू, हळू" करत राहतात.

सकाळी स्मारकावर पुष्पचक्र वाहून झालं की सगळ्या म्हाताऱ्यांचा चहा. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा न सोडता, १६ डिसेंबर १९७१ लाच गेले. वय अवघं २१. त्या चहावर हा विषय निघाला नाही असं कधी होत नाही, आणि दरवेळी मागची बाकं गप्प होतात.

दुपारपासून मी आणि नणंदबाई नानकटाईच्या मागे. मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, बेकरीत बसून गोळे वळायचे, ट्रेमध्ये आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची. रात्र होते तरी नंबर लागत नाही. तोवर महिला मंडळाच्या प्रार्थनेची वेळ झालेली असते, मग एकीने तिकडे जायचं, एकीने ट्रेजवळ थांबायचं.

पाळकीणबाईंकडे, म्हणजे पाळकांच्या पत्नीकडे, एक यादी असते. ज्या घरातलं माणूस या वर्षी गेलं, तिथे कढई चढत नाही. पहिले डबे त्या घरी जातात, आपल्या पाहुण्यांचं नंतर. यादीत दरवर्षी एखादी फौजीची बायको असतेच. हात कितीही दुखोत, हा क्रम बदलायचा नाही असं माझं ठाम मत आहे.

खडकी, तरुण संघ

आमची कॅरल फेरी पेटी-ढोलकीवर असते, जुनी मराठी भजनंच. १९७४ पासून इथे पॅराप्लेजिक सेंटर आहे, मणक्याला मार लागलेले जवान तिथे राहतात. परवानगी घेऊन आम्ही तिथेही जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचीच मुलं अवघडून भिंतीला चिकटली होती. तिथल्या एका दादांनी व्हीलचेअर गर्रकन वळवली, ढोलकी मांडीवर ओढली आणि ठेका धरला. नंतर त्यांचा बास्केटबॉलचा सराव बघितला. खुर्चीला खुर्ची धडकते तो आवाज ऐकला की दया वगैरे डोक्यातून निघून जाते. आता मुलं आधी विचारतात, सेंटरला कधी जायचं?

वसई, नौसैनिकाची मुलगी

आमच्याकडे १६ लाच नाताळची नोव्हेना सुरू होते, नऊ दिवसांची प्रार्थना. त्यामुळे पहाटे चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, आणि लगेच पप्पांचा कार्यक्रम. पण त्यांचा खरा दिवस ९ डिसेंबर. १९७१ साली त्या रात्री नौदलाची युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजावरच राहिले. पप्पा त्यांच्यासाठी मिस्सा सांगतात. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत, माती आणायचं काम भावाकडे, आणि ते दरवर्षी २३ तारखेच्या रात्रीपर्यंत लांबतं.

श्रीरामपूरकडचा माजी हवालदार

माझं काम रुक्ष आहे, पण लिहितोच. उपासना सुटली की चर्चच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसतो. स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर ज्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात राहिला, त्यांची पेन्शन अडकू शकते. बहुतेक विधवा माउल्या येतात. उभा जन्म खुरपणीत गेलेला, बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन अंगठा घेतच नाही. एका आजींना एका कार्यालयातून तीनदा परत पाठवलं होतं. "मी जित्ती हाये, हे आता कुणाला सांगू?" म्हणाल्या. चेहऱ्यावरून पडताळणी होते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीजवळ उजेडात बसवलं, पदर मागे घ्यायला लावला, मोबाइल डोळ्यांसमोर धरला. झालं काम. माझ्या मते प्रत्येक मंडळीत, प्रत्येक गावात एक तरी माणूस हे शिकलेला हवा. पुष्पचक्राइतकंच हेही सैनिकाचं देणं आहे.

तुमच्या ओळखीत कुणी अडकलं असेल तर आधार कार्ड, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन रविवारी उपासनेनंतर पाठवा. चर्चला येणारेच हवेत असं काही नाही. नाताळच्या आदल्या दिवशीही मी बसणार आहे.